बादल्या पडला नाही

१

एकाहत्तराव्या वर्षी मला काम मिळालं, आणि तेही खेळायचं. हसू नका. मलाही हसू आलं होतं. पण घरात बसून भिंतीवरचे पोपडे मोजण्यापेक्षा बरं, म्हणून गेलो.

माझी धाकटी मुलगी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. थोरली लग्न करून लांब गेली, बायको सहा वर्षांपूर्वी गेली. घरात उरलो मी आणि धाकटी. तिचा खेळ उड्यांचा. एक ठेंगणा गडी, डोक्यावर उपडी बादली, बादलीला डोळ्यांपुरती दोन भोकं. तो पळतो, या फळीवरून त्या फळीवर उडी मारतो, चुकला की खड्ड्यात. मग पुन्हा पहिल्यापासून. मी त्याला बादल्या म्हणायला लागलो आणि ऑफिसात सगळ्यांनी तेच उचललं. फळ्या कुठे ठेवायच्या, किती अंतरावर, किती उंच, हे धाकटी ठरवते. अशा एका पुऱ्या टप्प्याला ते लेव्हल म्हणतात.

मी स्वतः चाळीस वर्षं परांच्या बांधल्या. इमारतीभोवती लोखंडी नळ्यांचा आणि फळ्यांचा सांगाडा उभा करतात ना, तो. म्हणून मी तिला म्हणालो, "म्हणजे तू परांचीच बांधतेस."

"तुमच्यापेक्षा बरी बांधते. माझ्या परांचीवरून पडलेला माणूस लगेच उठून उभा राहतो."

जीभ आईची घेतलीय.

त्यांच्यात एक पद्धत आहे. ज्यानं जन्मात असला खेळ हातात धरला नाही असा माणूस आणून बसवायचा. त्याला म्हणतात कोरा हात. त्याला काही सांगायचं नाही. खेळ बनवणारा त्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसतो, वहीत टिपतो, आणि तोंड उघडत नाही. कोरा हात अडला, चिडला, शिव्या घातल्या, तरी नाही. बोललं की चाचणी वाया. हा नियम तिथे फार कडक. मालक दाढीवाला, पस्तिशीचा, अर्ध्या चड्डीत ऑफिसला येतो. तोसुद्धा चाचणी चालू असली की दाराबाहेर चवड्यांवर चालतो.

तो कोरा हात मी. रोज सकाळी साडेदहा ते बारा.

२

खोली लहान. एक मोठा स्क्रीन, समोर माझी खुर्ची, मागे धाकटीची. हातात धरायच्या यंत्राला कंट्रोलर म्हणतात. त्याला लांब वायर. खिडकीला काळा कागद. आत गेलं की रस्त्याचा आवाज बंद, फक्त पाठीमागे पेन्सिलीचा खरखराट.

पहिला महिना खेळ सरळ होता. डावीकडून निघायचं, उजवीकडे जायचं, शेवटी दार. मागे वळायची सोयच नाही; स्क्रीनची डावी कड भिंतीसारखी अंगावर येते. मला आवडला. चढायची वाट एक, उतरायची वाट एक, हे मी माझ्या गड्यांना कानीकपाळी ओरडून सांगत आलो. ज्यानं स्वतःची वाट काढली तो दवाखान्यात गेला.

पण सरळ वाट दिली म्हणून मी सरळ चाललो असं नाही. एक दिवस ती डावी कड मला खटकायला लागली. का जाऊ देत नाही मागे? मी डावं बटण चांगलं दोन मिनिटं दाबून धरलं. बादल्या भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय हलवत राहिला. मग कंटाळून मी ते बटण न सोडता उगाच उड्या मारल्या. खड्डा नाही, फळी नाही, नुसत्या उड्या. मागे पेन्सिल थांबली. खेळ संपल्यावर धाकटी म्हणाली, "बाबा, ते काय होतं?"

"हट्ट."

"तेवढं कळलं मला."

अकरा मिनिटांची ती धाव कॉम्प्युटरनं नोंदून ठेवली. प्रत्येक धाव ठेवतात. ती कशी ठेवतात ते नीट ऐका, पुढचं सगळं त्यावर आहे. चित्र ठेवत नाहीत. फक्त बटणं ठेवतात. कोणत्या क्षणी कोणतं बटण दाबलं आणि कधी सोडलं. ती यादी पुन्हा चालवली की बादल्या हुबेहूब तसाच पळतो. आंधळ्याला पावलं मोजून द्यावीत तसं. लेव्हलमधली एक फळी वीतभर सरकवली तरी यादी निकामी, कारण बादल्याला दिसत काही नाही; तो मोजलेल्या पावलांनी जातो आणि पडतो.

महिन्यानं दाढीवाल्याच्या डोक्यात आलं की सरळ खेळ आता कुणाला नको. मोकळा पाहिजे. वर जा, खाली जा, मागे जा, वाटेल त्या दारानं बाहेर पडा. धाकटीनं सगळं मोडून नव्यानं बांधायला घेतलं. तीन आठवड्यांची मुदत.

"मोकळं सोडलं तर माणूस हरवेल की," मी म्हणालो.

"हरवू द्यायचं नाही. एका वाटेवर थोडा उजेड जास्त टाकायचा. एखादी फळी जरा पुढे काढायची. माणूस तिकडेच जातो आणि त्याला वाटतं, मीच निवडलं."

"म्हणजे फसवणूक."

"म्हणजे माझं काम, बाबा."

खूश होती पोरगी. मोकळी लेव्हल तिची पहिली. जेवताना चमचा हवेत धरून फळ्या दाखवायची.

३

चूक साधी होती. त्यांच्यात सगळे करतात म्हणे.

मोकळी लेव्हल अर्धीमुर्धी उभी राहिली, तेव्हा एका सकाळी धाकटीला माझी आदल्या दिवशीची धाव पाहायची होती. यादीत बोट घसरलं आणि जुनी धाव लागली. सरळ लेव्हलवरची. ती हट्टाची, अकरा मिनिटांची. असं झालं की ऑफिसात करमणूक असते. बादल्या वेड्यासारखा भिंतीवर डोकं आपटतो, पहिल्याच खड्ड्यात जातो, सगळे टाळ्या वाजवतात.

"बघा बाबा, तुमची फजिती," ती म्हणाली. मी मागच्या खुर्चीवर, ती पुढे.

बादल्या निघाला. उजवीकडे चार पावलं, उडी. तिथे फळी होती. पुढे उडी. फळी होती.

"नशीबवान आहात."

मग तो थांबला आणि डावीकडे वळला. माझी ती दोन मिनिटं सुरू झाली. सरळ लेव्हलमध्ये तो भिंतीला नाक लावून उभा होता. इथे भिंत नव्हती. बादल्या डावीकडे चालत सुटला. निघाला होता ती जागा मागे टाकून आणखी डावीकडे. आणि जिथे मी कंटाळून उगाच उड्या मारल्या होत्या, तिथे इथे खड्डे होते. प्रत्येक उडीखाली एक. एकही चुकला नाही. महिन्यापूर्वीची माझी एकेक चूक इथे बरोबर पडत होती.

धाकटी हसायची थांबली. मी कधी थांबलो ते आठवत नाही.

तो खाली उतरत गेला. डाव्या बाजूला अगदी तळाशी एक कोपरा तिनं रिकामा सोडला होता, पुढे बघू म्हणून. काहीच नाही तिथे, राखाडी भिंत. बादल्या तिथे गेला, भिंतीकडे तोंड केलं आणि उभा राहिला. घड्याळात अकरा मिनिटं झाली.

"हे खड्डे मी परवा खणले," ती म्हणाली.

"मग?"

"तुम्ही उड्या महिन्यापूर्वी मारल्यात."

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पंधराव्या मजल्यावर वाऱ्यात काम केलंय. तिथे विश्वास दोराच्या गाठीवर ठेवायचा असतो.

मी म्हणालो, "तू माझं खेळणं रोज बघतेस. ते डोक्यात बसलं, त्याच मापानं तू खड्डे काढलेस. न कळत. माझी पावलं तुला माहीत आहेत."

तिला पटलं. मलाही पटलं. शिंप्याला मापं पाठ असतात तसं. पण पटलं तरी खात्री करावीशी वाटली, आणि खात्री करायला बसलो हीच माझी चूक. तिथून उठायला हवं होतं.

तिच्याकडे अख्ख्या लेव्हलचा चौकटी-चौकटींचा कागद होता. मी म्हणालो, "सहा फळ्या काढून टाक. नव्या कुठे ठेवायच्या ते ना तू ठरवायचं ना मी." माझ्या जुन्या शर्टाची सहा बटणं तोडून आणली. कागद टेबलावर पसरला, ओंजळीत बटणं खुळखुळवली आणि फेकली. जिथे बटण तिथे फळी. दोन तर अशा जागी पडली की कुठलाही शहाणा माणूस तिथे फळी ठेवणार नाही.

धाकटीनं फळ्या ठेवल्या. जुनी धाव लावली.

डावीकडच्या वाटेवर आधी एक फळी होती, ती आता नव्हती. बादल्यानं तिथे उडी मारली आणि खाली गेला. खाली, खाली. मी जोरात टाळी वाजवली. "गेला! सुटलो!" आणि तो त्या दोन वेड्या फळ्यांपैकी एकीवर उतरला. नीट, दोन्ही पायांवर. तिथून पुढची वाट वेगळी. पण पावलं तीच, उड्या त्याच. घड्याळात अकरा मिनिटं आणि बादल्या त्याच कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून.

आम्ही बटणं चार वेळा फेकली. चार वाटा. एकच कोपरा.

मी काय पाहत होतो ते मला चौथ्या वेळी दिसलं. यादी संपली की बादल्या थिजतो, फोटोसारखा. पण कोणी खेळत असताना नुसता उभा असला की श्वास घेतो. छाती वरखाली होते, तसं चित्रच काढलंय. अकरा मिनिटं संपली होती. यादीत पुढे काही नव्हतं. आणि बादल्याची छाती वरखाली होत होती.

दाढीवाल्याला बोलावलं. तो आला, दाढी खाजवली, म्हणाला, "त्यात काय काका! यादी संपल्यावर खेळ कंट्रोलरकडे येतो कधी कधी. त्याला वाटतं कोणाच्या तरी हातात कंट्रोलर आहे, म्हणून वाट बघतो. काढून टाकू ती गडबड."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं योगायोग. तुम्ही फार मन लावून खेळता राव."

कंट्रोलर टेबलावर होता. कोणाच्याही हातात नव्हता.

५

मुदतीला दहा दिवस उरले होते आणि धाकटीनं फळ्या ठेवायचं सोडलं होतं.

आधी वाटलं दमलीय. मग एका सकाळी मी चहा ओतला आणि विचारलं, "साखर?" ती कपाकडे बघत बसली. चहावर साय धरली.

"अगं, साखर हवी का नको?"

"मी घेतली असती का?" ती म्हणाली.

मी कपाट उघडण्याचा आवाज ऐकायचो, मग अर्धा तास काहीच नाही. जाऊन बघावं तर दोन हातांत दोन कुर्ते, उभी. "बाबा, यातला कुठलाही घातला तरी तोच घालायचा होता ना?" असलं बोलणं. मी म्हणालो, "निळा घाल आणि गप चल." तिनं लगेच निळा घातला. चेहऱ्यावर इतकी सुटका की मला कसंतरी झालं.

रस्त्याच्या नाक्यावर उभी राहायची. मी म्हणालो डावीकडून, की डावीकडून. जेवताना मी वाढेन ते. ही तीच पोरगी, जिनं दहाव्या वर्षी मला सांगितलं होतं की मी तुमच्या पसंतीचे बूट घालणार नाही, अनवाणी जाईन, आणि गेली होती शाळेत अनवाणी.

"ती धाव पुसून टाक," मी म्हणालो.

"नाही."

"का नाही?"

"पुसली तरी ती तिथेच जाणार. ठेवली तर निदान पुढे काय ते कळेल." मग खाली बघून म्हणाली, "बाबा, मी लोकांना उजेड दाखवून नेते ना? त्यांना वाटतं स्वतः निवडलं. मग मी कशावरून... मला फळी ठेवताना वाटतं, मीच ठरवलं. आणि ती आधीच ठेवलेली असते."

"कोणी ठेवलेली?"

तिनं मान जरा मागे वळवल्यासारखी केली, पुरती नाही.

मी थोरलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, कामाचा ताण असेल, सुट्टी घ्यायला सांगा." मी दाढीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "मुदत झाली की पंधरा दिवस घरी बस म्हणा तिला, काका." सगळे शहाणे. पण माझी पोरगी माझ्या डोळ्यांसमोर हातची जात होती आणि मला धरायचं कुठे ते कळत नव्हतं. परांचीवर माणूस घसरला तर त्याचा पट्टा धरतात. इथे घसरत होतं काय?

६

त्या दिवशी माझं गुडघ्याचं काम होतं दवाखान्यात, म्हणून ती एकटी गेली. मी दुपारी एकला ऑफिसात पोचलो. जेवायची सुट्टी, सगळे खाली गेलेले. टेबलांवर उघडे डबे, एका खुर्चीवर कोणाचा तरी कोट. चाचणीच्या खोलीचं दार लोटलेलं.

आत पेन्सिलीचा आवाज येत होता.

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, काम करतेय. कोणीतरी कोरा हात बसवलाय आणि ती मागे बसून टिपतेय. नियम नियम, म्हणून मी दार हळू ढकललं.

धाकटी पुढच्या खुर्चीवर होती. खेळणाऱ्याच्या. हात मांडीवर, रिकामे. कंट्रोलर समोर टेबलावर. स्क्रीनवर तो राखाडी कोपरा, बादल्या भिंतीकडे तोंड करून, छाती वरखाली. पेन्सिलीचा आवाज थांबला.

मागची खुर्ची तिच्या इतकी जवळ ओढलेली होती की बसणाऱ्याचे गुडघे तिच्या पाठीला लागावेत. खुर्चीवर कोणी नव्हतं. पण गादी खोल दबलेली होती. मी बघत असताना ती सावकाश फुगून वर आली, कोणी उठल्यावर येते तशी. मग सपाट झाली.

फोमची गादी. फोम उशिरा वर येतो. तीच आत्ता उठून पुढे बसली असेल. मी स्वतःला हेच सांगितलं, पण एवढं अंतर नव्हतंच की मधून कोणी उठून जाईल.

तेवढ्यात कंट्रोलरचं एक बटण टक् करून खाली गेलं. टेबलावर, आपोआप. आणि धाकटीनं मान उजवीकडे वळवली.

टक्. तिनं मान सरळ केली.

स्प्रिंग सैल झाली असेल. मी दाराची चौकट धरली आणि मोजलं. टक्, मग तिचा हात मांडीवरून उचलला. टक्, मग केस कानामागे गेले. आवाज आधी. दर वेळी आवाज आधी, श्वासभर. स्क्रीनवर बादल्या जागचा हलत नव्हता.

"बाबा," ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "बोलू नका. चाचणी वाया जाईल."

"खड्ड्यात गेली तुझी चाचणी!"

मी पुढे झालो, कंट्रोलरची वायर मशीनमधून उपटली, हिसका देऊन कंट्रोलरमधूनही काढली आणि खिशात कोंबली. स्क्रीनवर आडवी पाटी आली, कंट्रोलर जोडा म्हणून. बादल्या त्या पाटीमागे श्वास घेत होता. मी धाकटीला दंडाला धरून उठवलं. हलकी लागली, पातळ फळीसारखी. खुर्च्या पाडत तिला बाहेर काढलं आणि दार ओढून लावलं.

७

त्या मजल्यावर दोन जिने. उजवीकडे मोठा, लिफ्टशेजारचा. डावीकडे मागचा, लोखंडी. बाहेर आल्यावर मी तिचा दंड सोडला. वाटलं, आता झालं. वायर खिशात आहे.

"कुठून जायचं?" मी विचारलं. "तू सांग. घाई नाही."

ती उभी राहिली. डोळे भरले होते तिचे. "मला नका विचारू ना, बाबा."

"तूच सांगायचंस. मी इथे संध्याकाळपर्यंत उभा राहीन."

तिनं खरंच प्रयत्न केला. कपाळावर आठ्या, ओठ दाबलेले. लहानपणी गणित सोडवताना करायची तशी. मला माया आली. मग बंद दाराआडून आलं,

टक्.

आणि तिनं डावा पाय उचलला, मागच्या जिन्याकडे.

"थांब!"

टक्. ती थांबली.

मी स्वतः एक पाऊल उजवीकडे टाकलं. कान दारापाशी. काही नाही. दोन पावलं. काही नाही. माझ्या पायांसाठी आवाजच नव्हता. इतके दिवस आम्ही ती धाव माझी समजत होतो. बटणं मी दाबली होती, एवढंच. चालणारी दुसरीच होती, माझ्यासमोर उभी.

"बाबा, तिकडेच जायचंय बहुतेक," ती मागच्या जिन्याकडे बघून म्हणाली. आवाज साधा होता, बाजारात जाऊ म्हणावं तसा. "खाली गेलं की डावीकडे एक कोपरा आहे."

मागच्या जिन्याखाली काय आहे ते मला माहीत नव्हतं. अजून नाही. मी बघितलं नाही.

मी तिचं मनगट धरलं आणि उजवीकडे ओढलं. जोरात. ती अडखळली, माझ्यामागे फरफटली. आणि दाराआड चिडीचूप. एक पायरी, दुसरी पायरी. मी ओढत होतो तोवर आवाज नाही. तिचं पाऊल तिचं नव्हतं, माझं होतं. दाराआड जो कोणी होता त्याच्याकडे या पावलाची नोंद नव्हती. पहिल्या मजल्यावर दाढीवाला डबा घेऊन वर येताना भेटला. "काका? काय झालं?" मी त्याला खांद्यानं बाजूला सारलं.

रस्त्यावर आलो. भर दुपार, बस, हॉर्न, कोणीतरी शटर ओढतंय, शाळा सुटलेली. तिसऱ्या मजल्यावर तोफ उडाली असती तरी इथे ऐकू आली नसती. धाकटीला मोकळी हवा लागली. तिनं मान वर केली, आजूबाजूला पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तिचं ते वैतागलेलं हसू आलं.

"बाबा, हात सोडा आता. दुखतंय. लोक बघतायत."

"बघू देत."

"अहो, मी काय लहान आहे का? येते की माझी माझी."

तिचंच बोलणं होतं. तोच ठसका, तोच राग. मला हवी होती ती पोरगी हीच. मनगटावर माझ्या बोटांचे पांढरे वळ उठले होते. मला लाज वाटली. म्हटलं, आपणच बांधून ठेवायचं तर मग त्याच्यात आणि आपल्यात फरक काय. मी बोटं सैल केली. सगळी नाही. करंगळी, मग तिच्याशेजारचं.

टक्.

वरून नाही. पाठीमागून, हातभर अंतरावरून.

तिचा पाय रस्त्याकडे उचललेला होता. समोरून बस येत होती. मी मागे वळून पाहिलं नाही. पाचही बोटं पुन्हा आवळली, हाड लागेपर्यंत, आणि तिला ओढत चालू लागलो.

"बाबा, सोडा ना! काय झालंय तुम्हाला?" ती रडत होती. "कुठे नेताय मला?"

कुठे ते मी ठरवलंच नव्हतं.